लांडग्याचं स्थळ

भंडारा जिल्ह्यात लांडगा बघायचा असेल तर कोका अभयारण्यात जाऊन फारसा उपयोग नाही. तिथे बिबट दिसेल, अस्वल दिसेल, नशीब जोरावर असेल तर वाघही दिसेल. लांडगा हवा असेल तर दुपारी दोन ते चारच्या मधे साकोली, लाखनी, तुमसर, कुठल्याही गावातल्या कुठल्याही घरात शिरावं. बाई तांदूळ निवडत बसलेली असते. एका कानात इअरफोन असतो. दुसरा कान दूधवाला, गॅसवाला आणि सासू यांच्यासाठी मोकळा ठेवलेला. त्या पहिल्या कानात लांडगा असतो. उंची सहा फूट चार इंच, डोळे सोनेरी, शर्टाची वरची तीन बटणं कायमची गेलेली, शहरात स्वतःची कंपनी, आणि चारशे भाग होऊनही लग्नाचा मुहूर्त निघालेला नाही.

ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माणसाचा लांडगा होणं ही युरोपातली जुनी भयकथा. तिच्यात प्रेम मिसळलं की होते वेअरवुल्फ रोमान्स. मोबाइलवर वाचायच्या आणि ऐकायच्या मालिकांमध्ये हा माल आज धो धो वाहतोय. नायक हा कळपाचा 'अल्फा', त्याच्या खालोखाल 'बीटा', तळाला 'ओमेगा'. सरपंच, उपसरपंच आणि कोतवाल असं समजलात तरी भागेल. नायिका कळपात सगळ्यांनी टाकलेली, ओमेगाच्याही खालची. तिला अठरावं वर्ष लागतं आणि अल्फाला तिचा वास येतो. तीन किलोमीटरवरून येतो. मग तो गुरगुरतो, 'ही माझी आहे.' मुलगी तिकडे भांडी घासत असते, तिला कुणी काही विचारलेलं नसतं.

यापुढचे साडेतीनशे भाग तो तिला खोलीत कोंडतो, भिंतीला रेटतो, दुसऱ्या कुणाशी बोलली म्हणून टेबल फोडतो, एकदा सगळ्यांसमोर नाकारतो आणि नंतर तिच्यावाचून झुरतो. प्रत्येक भाग ऐन वेळी संपतो आणि पुढच्या भागाला पैसे पडतात. टेबलं किती फुटली याचा हिशेब कुणी ठेवत नाही. सागवानाचे भाव बघता मला त्याचीच जास्त हळहळ वाटते.

माझी भाची हे सगळं मालिकावाङ्मय कोळून प्यालेली आहे. परवा ती वैतागून म्हणाली, "आत्या, मला लांडगा हवाय गं. जंगल, चंद्र, रात्रीचं धावणं, सगळं हवंय. फक्त ही दांडगाई नको. एक तरी लांडगा असा नसेल का, जो आधी विचारेल?"

मागणी ऐकायला साधी आहे. लांडगा ठेवा, दांडगा काढा. आणि मुलगी आमच्या घरातली असल्यामुळे मी या प्रश्नाकडे साहित्य म्हणून न बघता स्थळ म्हणून बघायला सुरुवात केली. स्थळाची चौकशी कशी करतात हे भंडारा जिल्ह्यात कुणाला शिकवावं लागत नाही. दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते, पाहुणे येतात, रात्री नाटक असतं, आणि नाटकाच्या निमित्ताने जमलेल्या गर्दीत निम्मी माणसं स्टेजकडे आणि निम्मी उपवर मुलामुलींकडे बघत असतात.

नाटकाचं निघालंच आहे तर सांगते. आमच्या भागातल्या झाडीपट्टीच्या रंगभूमीवर या अल्फाला काम नक्की मिळालं असतं, पण नायकाचं नाही. संवाद तेच: 'तू माझी नाही झालीस तर कुणाचीच होऊ देणार नाही.' देहबोली तीच, गुरगुरणं तेच. फरक इतकाच, की आमच्याकडे हा माणूस काळा चश्मा लावून येतो, पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या त्याला तोंडभर शिव्या घालतात, आणि पहाटे नाटक संपायच्या आत त्याच्या हातात बेड्या पडतात. तिकीट काढून आलेल्या बाईला खलनायक कोण हे पहिल्या प्रवेशात कळतं. तीच बाई इअरफोन लावला की त्याच माणसाला नायक मानून डोळे पुसते. काळा चश्मा काढून सोनेरी डोळे बसवले एवढ्यावर हे काम होतं.

हिंदी सिनेमालाही हे कळलं होतं. 1992 च्या 'जुनून'मध्ये राहुल रॉय शापामुळे पौर्णिमेला वाघ होतो आणि पूजा भटच्या मागे लागतो. तो तिथे खलनायकच आहे. पूर्ण अंगाने बदलणारी प्रेमातली पात्रं आपल्याकडे बहुधा बायकाच: 1976 ची 'नागिन' घ्या, 1986 ची 'नगीना' घ्या. नागीण कुणाला कोंडत नाही. नवरा मारलात ना, मग एकेकाला बघते, एवढंच तिचं म्हणणं. इंग्रजीत टेरी प्रॅचेटने हीच गंमत लांडग्याबाबत केली. 1993 च्या 'मेन ॲट आर्म्स'मध्ये लांडगा होणारी व्यक्ती म्हणजे अँग्वा नावाची पोलीसबाई, आणि तिचा कॅरट हा अतिशय सभ्य, नियमाने वागणारा सहकारी. म्हणजे असं लिहिता येतं. पण पोलीसबाईची चौकशी आम्हाला नाही, आम्हाला मुलगा हवाय.

चौकशीचा पहिला नियम: घराणं बघावं. म्हणून अल्फाचं घराणं शोधत गेले तर ते निघालं स्वित्झर्लंडचं. रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकाने 1947 मध्ये लांडग्यांवर एक निबंध लिहिला. त्याने लांडगे बघितले ते बासेलच्या प्राणिसंग्रहालयात, पिंजऱ्यातले. एकमेकांच्या नात्यागोत्यात नसलेले लांडगे एका जागी कोंडलेले. पळायला वाव नाही, खायला ठरल्या वेळी, करमणूक शून्य. ते भांडायचे, आणि त्यातून वर कोण आणि खाली कोण ही उतरंड त्याला दिसली. लग्नाच्या हॉलमध्ये वऱ्हाड दोन वर्षं कोंडून ठेवलं आणि बाहेरून नोंदी घेतल्या, तर माणसाच्या स्वभावाबद्दलही असाच निष्कर्ष निघेल. निदान जेवणाच्या पंगतीपुरता तरी.

पुढे अमेरिकेतले डेव्हिड मेक यांनी 1970 मध्ये लांडग्यांवर जाडजूड पुस्तक लिहिलं आणि अल्फा घरोघर पोचला. कंपन्यांचे साहेब अल्फा झाले, व्यायामशाळेतली पोरं अल्फा झाली, आणि शेवटी हा अल्फा आमच्या तांदूळ निवडणाऱ्या बाईच्या कानात येऊन बसला. मेक मात्र तिथेच थांबले नाहीत. 1986 पासून ते कॅनडाच्या अगदी उत्तरेच्या एल्समियर बेटावर उन्हाळ्यात जाऊन रानातल्या मोकळ्या लांडग्यांजवळ राहू लागले. तिथे जे दिसलं ते वेगळंच. कळप म्हणजे एक आई, एक बाप आणि त्यांची गेल्या दोन-तीन वर्षांतली पोरं. सत्तेसाठी मारामारी नाही, कारण स्वतःच्या बापाशी कोण कशाला सत्तेसाठी भांडेल? (हे वाक्य लिहिताना आमच्या गावची काही शेतजमिनीची प्रकरणं डोळ्यांपुढे आली, पण लांडग्यांकडे सातबारा नसतो.) बाप शिकार करून येतो, पिल्लं त्याचं तोंड चाटतात, आणि तो पोटातलं मांस उलटून त्यांच्यापुढे टाकतो. मेक यांनी 1999 मध्ये निबंध लिहून सांगितलं, की बाबांनो, हा अल्फा म्हणजे साधा आईबापांतला एक. स्वतःचं जुनं पुस्तक छापणं बंद करा म्हणून ते प्रकाशकांच्या मागे लागले, आणि 2022 मध्ये ते अखेर बंद झालं.

म्हणजे चौकशीत निघालं काय? मुलगा संसारी, मुलांचं पोट बघणारा, बायकोच्या बरोबरीने घर चालवणारा. वयात आल्यावर आईबापांचं घर सोडून दूर जातो आणि स्वतःचं बस्तान बसवतो, म्हणजे पुण्याला नोकरी. भाचीला हे वाचून दाखवलं तर तिने एकच शंका काढली: "ते पोटातलं उलटून देणं कथेत ठेवायचं का?" मी म्हटलं, प्रेमकथेत ते थोडं अवघड जाईल. डब्बा आणतो असं लिहू.

तरी एक अडचण राहिलीच. लांडगा हा माळरानाचा. पुणे, सोलापूर, नगरकडे मेंढपाळांना त्याची रोजची ओळख; आमच्याकडे धान, तलाव आणि दाट जंगल. 1999 मध्ये गोंदिया वेगळा झाला तसा नागझिऱ्याचा गाभा त्या जिल्ह्यात गेला, पण जंगलाला जिल्हाधिकारी कळत नाहीत, त्यामुळे आम्ही अजून त्याला आमचंच धरतो. या जंगलातला कळपाचा प्राणी म्हणजे रानकुत्रा. मारुती चितमपल्लींनी नवेगावला वनखात्यात नोकरी करता करता या रानाबद्दल जे लिहून ठेवलं त्यानंतर कुणी काही लिहावं असं नाही, पण स्थळाच्या दृष्टीने एवढं नोंदवते: रानकुत्रा दिसायला तांबूस, वजनाने बेताचा, भुंकण्याऐवजी शीळ घालतो. शीळ घालणारा म्हटल्यावर आमच्या पिढीच्या बायकांचे कान टवकारतात. पण ही शीळ वाटेवरच्या पोरीसाठी नसून रानात विखुरलेल्या घरच्यांना गोळा करायला असते. कळपात पिल्लं साधारणपणे एकाच जोडीची. बाकीचे काका, मावश्या, मोठी भावंडं ती सांभाळतात, बाळंतिणीला खाणं आणून देतात. शिकार झाली की पिल्लांना आधी खाऊ देतात. एकत्र कुटुंबात सून म्हणून जाताना मुलीला जी जी भीती असते, तिला इथे उत्तर आहे. बाळंतिणीला जागेवर जेवण! भंडारा जिल्ह्यातल्या कितीतरी दोन पायांच्या घराण्यांना हे अजून जमलेलं नाही.

वाघाचं स्थळही लोक सुचवतात. पवनीकडचे लोक तर जयशिवाय दुसरं नाव घेत नाहीत. हा नागझिऱ्यात जन्मलेला, 'शोले'तल्या जयचं नाव मिळालेला वाघ रस्ते, शेतं, नदी ओलांडत उमरेड-पवनी-करांडल्याच्या जंगलात आला आणि राजा झाला. पर्यटक त्याला बघायला रांगा लावत. 2016 मध्ये तो गळ्यातल्या रेडिओ कॉलरसकट गायब झाला, तेव्हा गावोगाव शोध झाला आणि माणसं खरोखर हळहळली, मीही. मालिकेतल्या अल्फाला जे जे लागतं ते सगळं जयकडे होतं: देह, दरारा, अनेक वाघिणी, शेवटी गूढ. पण जावई म्हणून? वाघ गृहस्थाश्रमात बसत नाही. पिल्लांचं सगळं आईने बघायचं, याचा पत्ता नाही. आणि मोहफुलं वेचायला पहाटे जंगलात जाणाऱ्या बायकांना विचारा, वाघाच्या गुरगुरण्यात प्रणय कुठे असतो ते. त्या उत्तर देण्याआधी तुमच्याकडे नीट बघून घेतील.

अपवाद म्हणाल तर रणथंभोरचा टी-25. पर्यटकांच्या गाड्यांवर धावून जातो म्हणून लोकांनी त्याचं नाव ठेवलं होतं 'जालिम'. 2011 मध्ये एक वाघीण मेली, तिची दोन पिल्लं उघडी पडली, आणि या जालिमने ती सांभाळली. त्यांना घेऊन हिंडला, त्यांची राखण केली. वनखात्याच्या माणसांचाही आधी विश्वास बसेना. नावावरून स्थळ नाकारू नये असं माझी आजी म्हणायची. तिला टी-25 माहीत नव्हता.

आता खरं घबाड सांगते. माणसाचा वाघ होण्याची आपल्या मुलखातली एक नामी गोष्ट इंग्रज अधिकारी स्लीमनने 1844 च्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात नोंदवली आहे. ती त्याला सांगितली देवरीच्या मराठी सरदारांनी, ज्यांना सरीमंत म्हणत. देवरी म्हणजे आमच्या शेजारची गोंदिया जिल्ह्यातली नव्हे, सागरकडची. सरीमंतांच्या वडिलांचा रघू नावाचा धोबी होता. वाघ झाल्यावर कसं वाटतं हे बघायची त्याला हौस आली. एक मुळी खाल्ली की माणसाचा वाघ होतो, दुसरी खाल्ली की परत माणूस. रघूने दोन्ही मिळवल्या. दुसरी मुळी बायकोच्या हातात दिली, 'मी वाघ झालो की लगेच तोंडात घाल' म्हणून बजावलं, आणि पहिली खाल्ली. समोर वाघ बघून बायको जी पळाली ती मुळी हातात घेऊनच. बिचारा रघू रानात गेला, ओळखीपाळखीच्या बऱ्याच माणसांना त्याने खाल्लं, आणि शेवटी मारला गेला तेव्हा तो रघूच हे कशावरून ओळखलं, तर त्याला शेपूट नव्हती. बिनशेपटाचा वाघ दिसला की समजावं, तो मुळी खाल्लेला माणूस.

मला ही गोष्ट सगळ्या अल्फांपेक्षा मोठी वाटते. रघू गुरगुरत नाही, कुणाला कोंडत नाही. हौस त्याची, पण परत यायची किल्ली त्याने आपण होऊन बायकोच्या हातात दिलेली. एवढा विश्वास मालिकेतला एकही लांडगा टाकत नाही. रघूची चूक एकच: बायकोला तालीम दिली नाही. झाडीपट्टीत प्रॉम्प्टर असतो तसा एखादा विंगेत उभा केला असता तर संसार वाचला असता.

तेव्हा मीच कथा लिहायला घेतली. नायक वेअरवुल्फच्या ऐवजी देशी, पौर्णिमेला मुळी खाऊन वाघ होणारा. पण वळण रानकुत्र्याचं आणि जालिमचं. नोकरी कंपनीच्या मालकाची न देता त्याला धान खरेदी केंद्रावर ग्रेडर केला. तिथे त्याच्या नाकाचं चीज होतं. मालिकेतला अल्फा त्या नाकाने तीन किलोमीटरवरच्या मुलीचा वास घेतो, आमचा नायक पोत्यात मूठ घालतो, दाणे नाकाशी नेतो आणि सांगतो, "काका, ओलावा 17 टक्क्यांच्या वर आहे. दोन दिवस खळ्यावर पसरा, परत आणा, मीच मापून घेतो." मशीन लावलं तर आकडा तोच. शेतकरी त्याच्यावर खूश, व्यापारी नाराज. नायिका बचत गटाची खजिनदार. ती त्याला पहिल्यांदा भेटते ती बारदाना संपला म्हणून भांडायला, आणि तो तिला बसायला खुर्ची देतो. भाची म्हणाली, आत्या, इथेच मी त्याच्या प्रेमात पडले.

पुढे अडचणी सुरू झाल्या. पहिली म्हणजे पौर्णिमा. कोजागिरीला अख्खं गाव गच्चीवर दूध आटवत बसलेलं असतं. रूप बदलायला एकांत कुठून आणायचा? बरं, गर्जना झाली तर वर कुणीतरी हमखास म्हणणार, "साखर कमी पडली वाटते." दुसरी अडचण कायद्याची. वाघ काय आणि लांडगा काय, दोघेही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. म्हणजे महिन्यातून एक रात्र नवऱ्याला लाटणं दाखवणं हा गुन्हा, बाकीचे दिवस घरगुती बाब. तिसरी अडचण कथेच्या शेवटाची: दुसरी मुळी नायिकेच्या बटव्यात. ती कधी द्यायची?

हा शेवटाचा प्रश्न मी बचत गटाच्या बैठकीत मांडला, कारण खजिनदार त्यांच्यातलीच आहे. कर्जाचे हप्ते गोळा झाले, चहा झाला, आणि मी गोष्ट सांगितली. वाटलं होतं, एखादी म्हणेल, लगेच द्यावी, एखादी रडेल. अध्यक्षबाईंनी वही मिटली.

"मुरी देऊ नोको आत्ताच," त्या म्हणाल्या. "बांधीत डुकरं घुसून ऱ्हायले यंदा. धान घरात येयेपर्यंत राहू दे त्याले वाघच."

सगळ्यांना हे एकदम पटलं. फटाके फोडून झाले, साड्यांची कुंपणं घालून झाली, रानडुकरं कशालाच जुमानत नाहीत. वाघ धानाच्या बांधीभोवती नुसता फिरला तरी पुरे.

"पन त्याच्या खान्याचं?" एकीने विचारलं.

"डुकरं आहेत ना."

"अन् खरेदी केंद्रावर कोन बसन? तो नसला तं आपलं धान वापस करतील."

हा मुद्दा मात्र खरा होता. धान वाचवायला वाघ पाहिजे, धान विकायला माणूस पाहिजे. बरीच चर्चा झाली. शेवटी ठरत आलं होतं की कापणीपर्यंत वाघ आणि खरेदी सुरू झाली की माणूस, तेवढ्यात कोपऱ्यातून एक बाई म्हणाली, "अवो, पन लाडक्या बहिणीची केवायसी? नवऱ्याचा आधार लागते. त्याच्या मोबाइलवर ओटीपी आला तं सांगन कोन?"

बैठक गप्प झाली. कायदा, कोजागिरी, डुकरं, सगळं पार केलं होतं. ओटीपीचा विचार कुणी केला नव्हता.

"मंग तेवढ्यापुरती मुरी द्या," अध्यक्षबाई म्हणाल्या. "ओटीपी सांगितला का पयली मुरी चारून पुन्हा सोडा बांधीत."

एक नवी सून दाराशी बसली होती. इतका वेळ बोलली नव्हती. ती हळूच म्हणाली, "पन त्याले इचारलं का कोनी, त्याले काय पाहिजे ते?"

माझी भाची टुणकन उठून उभी राहिली. एवढंच वाक्य तर ती चारशे भाग शोधत होती.

अध्यक्षबाईंनी सुनेकडे बघितलं, मग वहीकडे.

"इचार ना बाई," त्या म्हणाल्या. "पन पयले ओटीपी इचार."